कोऱ्या चौकटींची चौकशी

मुळशी धरणात ज्यांची गावं गेली, अशा कुटुंबांकडच्या जुन्या छायाचित्रांचा एक छोटा कार्यक्रम दोन वर्षांपूर्वी घोटावड्यात ठेवला होता. 1921 साली सेनापती बापटांनी टाटांच्या या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला, हे पुस्तकांतून वाचायला मिळतं. त्या घरांतल्या माणसांचे चेहरे मात्र पुस्तकांत नाहीत. ते होते एका दिवंगत मित्राने 2004 मध्ये करून ठेवलेल्या सीडीवर, चौतीस स्लाइडच्या एका पीपीटीत. मूळ छायाचित्रं त्याने ज्याची त्याला परत दिली होती. पुढे काहींना वाळवी लागली, काही घरं बदलताना गेली.

प्रोजेक्टर लागला, शीर्षक आलं, आणि दुसऱ्याच स्लाइडवर पांढरी चौकट. चौकटीत इंग्रजी वाक्य: हे चित्र पाहण्यासाठी क्विकटाइम आणि अमुक एक डीकॉम्प्रेसर लागेल. पुढेही तेच. सासऱ्यांचा फोटो बघायला नातवासोबत आलेल्या एक आजी म्हणाल्या, "आरं, ही तर समदी कोरीच हायेत की." एकूण एकोणीस चौकटी रिकाम्या निघाल्या. माझं शिक्षण इतिहासाचंही नाही आणि संगणकाचंही नाही; पण ती सीडी घेऊन मी घरी आलो आणि पुढचे चार महिने त्यातच गेले.

पहिला संशय सीडी खराब झाल्याचा होता. तो चुकीचा ठरला. खरी गोष्ट अशी की पीपीटी हे चित्र नव्हे, चित्रं ठेवण्याची पेटी आहे. पेटी उघडली म्हणजे आतलं प्रत्येक चित्र वाचता येईलच असं नाही. मित्राने काम केलं होतं एका छापखान्यातल्या मॅकवर. तेव्हा पुण्यातल्या पुष्कळ छापखान्यांत मॅक असत. पॉवरपॉइंटचा जन्मही 1987 साली मॅकवरच झालेला. विंडोजवर ते 1990 मध्ये आलं. मॅकवर एका प्रोग्राममधलं चित्र कॉपी करून किंवा ओढून स्लाइडवर टाकलं, की ते जसंच्या तसं जात नसे. मॅकच्या स्वतःच्या 'पिक्ट' नावाच्या प्रकारात ते गुंडाळलं जाई आणि आतला मजकूर क्विकटाइमच्या पद्धतीने दाबून बसवला जाई. विंडोजला हे गाठोडं सोडता येत नाही. गंमत म्हणजे ते इंग्रजी वाक्य विंडोज दाखवत नाही. ते गाठोड्यातच लिहून ठेवलेलं असतं, उघडता आलं नाही तर निदान एवढं तरी दिसावं म्हणून. तेच चित्र 'इन्सर्ट' मेनूतून फाइल निवडून घातलं असतं, तर जेपेग जेपेगच राहिलं असतं. हाताची एक लकब, आणि वीस वर्षांनी त्याचा हा परिणाम. विंडोजवर क्विकटाइम बसवण्याचा सल्ला कुणी देईल. तो मानू नये. अॅपलने 2016 मध्येच त्याचा सांभाळ सोडला आहे आणि त्यातल्या सुरक्षेच्या त्रुटी तशाच राहिल्या आहेत.

उपाय साधा निघाला, पण मिळवायला वेळ लागला: त्याच काळातला, चालू स्थितीतला मॅक. एका जुन्या डीटीपीवाल्याच्या माळ्यावर तो सापडला. त्यावर सगळी एकोणीस नव्हे, सोळा चित्रं दिसली. एकेक चित्र म्हणून जतन केलं आणि जेपेग करून घेतलं.

इतर तक्रारी लोक याच खात्यात टाकतात, पण त्यांची कारणं निराळी. छापखान्यातून आलेलं जेपेग कधी भडक, कधी निगेटिव्हसारखं उलटं दिसतं. कारण ते पडद्याच्या तीन रंगांत नसून छपाईच्या चार शाईंत असतं, आणि अडोबी त्यातली मूल्यं उलटी लिहितं. हे ठाऊक नसलेला प्रोग्राम फसतो. मोबाइलवरचा फोटो आडवा पडतो, तेव्हा फोटो वळलेलाच नसतो. 'मला असं वळवून दाखवा' अशी सूचना फक्त सोबत लिहिलेली असते, आणि विंडोज 7चा फोटो दाखवणारा प्रोग्राम ती वाचतच नसे. आयफोनवर 2017 पासून फोटो 'हाइक' प्रकारात साठू लागले, ते पुष्कळ विंडोज संगणकांना उघडत नाहीत. आणि सगळंच पिवळं दिसत असेल, तर फाइलकडे बघूच नये. प्रोजेक्टरच्या जुन्या निळ्या टोकाच्या केबलमध्ये लाल, हिरवा, निळा यांच्या पिना वेगळ्या असतात. निळ्याची पिन वाकली की निळा गेला, उरलेल्या दोघांचा पिवळा झाला. एका शाळेत याच पायी अर्धा तास फाइलशी झटापट केली होती, हे कबूल करतो.

उरलेल्या तीन चौकटींत लाल फुली होती. ती चित्रं पेटीत नव्हतीच. फाइल हलकी राहावी म्हणून मित्राने ती नुसती जोडली होती, म्हणजे चित्राऐवजी चित्राचा पत्ता ठेवला होता. पीपीटी सीडीवर गेली, चित्रांचं फोल्डर छापखान्याच्या संगणकातच राहिलं आणि तो संगणक कधीच भंगारात गेला. पण पत्ता शाबूत होता, आणि पत्त्याच्या शेवटी फाइलचं नाव. मित्र शिस्तीचा; त्याने प्रत्येक फाइलला आडनाव आणि गाव दिलं होतं.

ती तीन नावं कागदावर घेऊन मी मुळा खोऱ्यात फिरतो आहे. त्यांतलं एक त्या आजींच्याच घरचं होतं. त्यांच्या नणंदेकडे, पत्र्याच्या ट्रंकेत, लग्नपत्रिकांच्या खाली त्याची प्रत निघाली. एका कोपऱ्याला ओल लागलेली, पण सासऱ्यांचा चेहरा आणि फेटा स्पष्ट आहे. 600 डीपीआयवर स्कॅन करून टिफ आणि जेपेग अशा दोन प्रती ठेवल्या, आणि पीपीटीत घालताना जोडली नाही, आत घातली. उरलेल्या दोन घरांपैकी एक आता लोणावळ्याकडे राहायला गेलं आहे, असं परवाच कळलं.