कोर्लई

कोर्लई : महाराष्ट्र राज्याच्या रायगड (पूर्वीचा कुलाबा) जिल्ह्यातील, मुरुड तालुक्यातील एक ऐतिहासिक समुद्रकाठचे गाव. पोर्तुगीजकालीन किल्ला आणि पोर्तुगीज भाषेपासून उद्भवलेली व आजही घराघरांत बोलली जाणारी मिश्रभाषा, या दोन गोष्टींसाठी ते प्रसिद्ध आहे. अलिबागच्या दक्षिणेस, अलिबाग-मुरुड मार्गावर, कुंडलिका नदीच्या (रोह्याच्या खाडीच्या) मुखापाशी हे वसलेले असून खाडीच्या उत्तर तीरावर रेवदंडा आहे. गावालगतची डोंगराळ सोंड उत्तरेकडे समुद्रात घुसली आहे. पश्चिमेस अरबी समुद्र, उत्तरेस व पूर्वेस खाडी आणि दक्षिणेस भूभागाशी जोडणारी चिंचोळी पट्टी, यांमुळे ही सोंड दुरून बेटासारखीच भासते. खाडीत शिरणारे प्रत्येक गलबत तिच्या माऱ्यात येत असल्याने चौल बंदराचे रक्षण किंवा कोंडी करण्यास ही जागा मोक्याची होती.

इतिहास : निजामशाहीच्या संमतीने पोर्तुगीजांनी १५२१ मध्ये चौल येथे (सध्याचे रेवदंडा) कोट बांधण्यास सुरुवात केली. पुढे उभयतांत वितुष्ट आले. १५७०-७१ मध्ये मुर्तझा निजामशाहाने चौलला घातलेला वेढा अयशस्वी ठरला. त्यानंतर दुसऱ्या बुऱ्हाण निजामशाहाने चौलवर वचक ठेवण्यासाठी समोरच्या कोर्लईच्या डोंगरावर किल्ला उभारण्यास प्रारंभ केला. मात्र १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी हल्ला करून तो जिंकला. संभाजी महाराजांच्या सैन्याने १६८३ मध्ये चौलला वेढा दिला. परंतु हा परिसर पोर्तुगीजांकडेच राहिला. मे १७३९ मध्ये मराठ्यांनी वसई घेतल्यावर उत्तर कोकणातील पोर्तुगीज सत्ता खिळखिळी झाली आणि १७४० च्या तहान्वये चौल व कोर्लई मराठ्यांच्या ताब्यात आली. पेशवाईच्या अस्तानंतर, १८१८ मध्ये, येथे इंग्रजांचा अंमल सुरू झाला.

किल्ला : डोंगराच्या अरुंद माथ्यावर दक्षिणोत्तर पसरलेला हा किल्ला लांबीच्या मानाने फारच कमी रुंद आहे. आडव्या भिंती व दरवाजे यांनी त्याचे भाग पाडले असून, एक भाग शत्रूच्या हाती पडला तरी दुसरा लढवता यावा, अशी ही योजना आहे. माथ्यावर छप्पर नसलेले चर्च, पाण्याचे टाके, बुरूज व जुन्या तोफा दिसतात. डोंगराच्या समुद्राकडील बाजूस दीपगृह असून तेथून पायऱ्यांनी वर जाता येते. पावसाळ्यात वाट निसरडी होते व गवत माजते. त्यामुळे ऑक्टोबरनंतरचा कोरडा काळ भेटीस सोयीचा असतो.

भाषा : किल्ला पाहून परतणाऱ्या प्रवाशाच्या ध्यानी सहसा न येणारा, पण किल्ल्याहून दुर्मिळ असा वारसा गावातील ख्रिस्ती वस्तीत आहे. येथील लोक आपल्या बोलीस ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आमची भाषा’, असे म्हणतात; ‘क्रिस्ती’ हे तिचे दुसरे नाव. पोर्तुगीजकालीन चौलमधील शिपाई, त्यांच्या एतद्देशीय स्त्रिया, चाकर व नवख्रिस्ती यांच्या परस्परव्यवहारातून ती घडली. १७४० नंतर पोर्तुगीज सत्ता गेली, तरी सामान्य स्थितीतील हे ख्रिस्ती लोक येथेच राहिले. धर्मभिन्नतेमुळे त्यांचे विवाहसंबंध मुख्यतः आपसांतच होत. शिवाय पोर्तुगीज जाणणारे धर्मगुरू विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत येथे येत राहिले. त्यामुळे राज्यकर्त्यांच्या पश्चातही ही भाषा टिकली.

मराठीशी असलेले तिचे नाते लक्षणीय आहे. मराठीने पोर्तुगीजमधून पाव, बटाटा, अननस, पगार, चावी, पाद्री, नाताळ असे शब्द घेतले. पण तिची वाक्यरचना बदलली नाही. कोर्लईच्या भाषेत याच्या उलट घडले. शब्द बहुतांशी पोर्तुगीज राहिले, पण वाक्याचा साचा मराठीच्या वळणावर गेला. पोर्तुगीजमध्ये क्रियापद सामान्यतः कर्माच्या आधी येते. येथे ते मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी येण्याकडे कल आहे. मराठीतून आलेल्या क्रियापदांसाठी तर या भाषेने उकारान्त असा स्वतंत्र वर्गच निर्माण केला आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स यांनी तिचा सखोल अभ्यास केला असून त्यांचा ग्रंथ १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला.

सद्यःस्थिती : या भाषेचे भाषक सु. एक हजार असावेत. ती प्रामुख्याने मौखिक असून तिला शाळेत वा कारभारात स्थान नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) उपासनेत लोकभाषांना वाव मिळाला व चर्चमधील पोर्तुगीजची जागा मराठीने घेतली. शाळा, बाजार आणि मुंबईकडील नोकऱ्या यांमुळे तरुण पिढीचा मराठीशी संबंध दृढ झाला. मराठीच्या सहवासात या भाषेला आजचे रूप लाभले. आता त्याच मराठीच्या वाढत्या व्यवहारामुळे तिचे क्षेत्र आकुंचित होत आहे. केरळमधील कोचीनच्या अशाच पोर्तुगीजोद्भव भाषेचा अखेरचा भाषक २०१० मध्ये निधन पावला. पडका तट पुन्हा बांधता येतो, निदान सावरता येतो. परंतु घरातील मुलांशी बोलणे थांबले, की मौखिक भाषेस असा आधार देता येत नाही. कोर्लईस जाणाऱ्या जिज्ञासूने किल्ल्याबरोबरच गावालाही वेळ द्यावा, तो यासाठी. मात्र हे प्रेक्षणीय स्थळ नसून लोकांचे राहते घर आहे, याचे भान त्याने ठेवणे अगत्याचे आहे.