लाकडी घराच्या मोठ्या खिडक्या

शीळफाट्याच्या आसपास ज्यांची शेती अद्याप टिकून आहे, अशा शेतकरी बंधूंपैकी कित्येकांस मळ्यावर स्वतःच्या श्रमाने एखादे लाकडी घर उभारावे असे वाटते. घरात बसून भाताची खाचरे दिसावीत, उजेड व वारा भरपूर यावा, म्हणून त्यास मोठ्या खिडक्याही हव्या असतात. ही इच्छा योग्यच आहे. परंतु अशा घराच्या सर्व अंगांत मोठी खिडकी हेच अंग लवकर बिघडते. पहिल्याच श्रावणात झडप अडकते, दुसऱ्या वर्षी चौकटीच्या कोपऱ्यातून पाणी झिरपते, आणि तिसऱ्या वर्षी काच तडकते. दोष बहुधा सुताराच्या हाताचा नसून मापे घेण्याच्या वेळेचा व चौकट भिंतीस जखडण्याच्या रीतीचा असतो. तो कसा टाळावा, हे येथे सांगावयाचे आहे.

प्रथम लाकडाचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. लाकूड हवेतील ओल शोषून फुगते व कोरड्या हवेत आकसते. ही हालचाल धाग्याच्या दिशेने, म्हणजे लांबीत, नाममात्र असते. रुंदीत व जाडीत मात्र ती पुष्कळ असते. सागवान हे या बाबतीत अत्यंत स्थिर लाकूड गणले जाते. तरीही ओल्या अवस्थेतून पूर्ण वाळेपर्यंत ते वर्षवलयांच्या दिशेने शेकडा सुमारे ६ व गाभ्याकडून सालीकडे शेकडा सुमारे अडीच इतके आकसते. वाळून घरात लागलेले लाकूडही स्वस्थ बसत नाही. ठाणे-कल्याणकडे वर्षास सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडतो. उन्हाळ्यात ज्या लाकडात शेकडा १२ च्या आसपास ओल असते, त्यात आषाढ-श्रावणात ती १८ पर्यंत चढते. एवढ्याने १० सेंटिमीटर रुंदीची सागवानी फळी सव्वा मिलिमीटरपर्यंत फुगते. झडपेस अशा दोन उभ्या पट्ट्या असतात; म्हणजे एका झडपेची रुंदी सुमारे अडीच मिलिमीटर वाढली. वैशाखात चपखल बसविलेली झडप श्रावणात का उघडत नाही, याचे उत्तर एवढेच आहे.

आता भिंतीचा विचार करू. लाकडी घराच्या रीती मुख्यतः दोन. नॉर्वे, फिनलंड, रशिया अशा शीत देशांत आडवे ओंडके एकावर एक रचून भिंत उभारतात. तेथे प्रत्येक ओंडका आपल्या जाडीत आकसतो व सांधेही दबतात, म्हणून सबंध भिंतच खाली बसते. चीड वा तत्सम जातीच्या ओल्या ओंडक्यांची अडीच मीटर उंच भिंत काही वर्षांत १० ते १५ सेंटिमीटरही खचते. आपल्या कोकणातील रीत निराळी आहे. येथे खांब, तुळया व वासे यांचा सांगाडा उभारून मधले गाळे कारवीच्या कुडाने, फळ्यांनी वा विटांनी भरतात. खांब उभा असल्यामुळे तीन मीटर उंचीत त्याची घट फार तर पाच-सहा मिलिमीटर होते. तथापि वरची तुळई आडवी असल्याने ती जाडीत आकसते आणि छपराच्या ओझ्याने लवतेही. २ मीटर ४० सेंटिमीटरांच्या गाळ्यावरील तुळई एक सेंटिमीटर लवली, तरी बांधकामशास्त्राच्या दृष्टीने ती सुरक्षितच मानतात. पण तिच्याखाली चौकट घट्ट ठोकलेली असेल तर तेवढ्यानेच काच फुटते. ओल्या लाकडाची तुळई कायमच्या भाराखाली वर्षानुवर्षे आणखी लवत जाते, हेही विसरू नये.

यावरून मुख्य नियम निघतो तो असा : खिडकीने छपराचे ओझे कधीही वाहू नये, आणि भिंतीच्या हालचालीस तिने आड येऊ नये. चौकट ही भिंतीत तरंगती ठेवावयाची वस्तू होय.

ओझ्याविषयी थोडे अधिक लिहिणे अवश्य आहे. मंगलोरी कौलांचे छप्पर रिपांसह चौरस मीटरास सुमारे ६५ किलो भरते. २ मीटर ४० सेंटिमीटरांच्या गाळ्यावर अडीच मीटर रुंदीच्या छपराचा भार येत असेल, तर वासे न धरताच सुमारे ३९० किलो वजन त्या एका तुळईवर पडते. गाळा दुप्पट केला की वजन दुप्पट होते. तुळईचे लवणे मात्र, तिचे माप तेच ठेवल्यास, सोळा पटीने वाढते. म्हणून खिडकी रुंद करण्यासाठी मधला खांब काढून टाकण्याचा मोह धरू नये. एका प्रचंड खिडकीपेक्षा मध्ये खांब ठेवून शेजारी शेजारी दोन खिडक्या करणे केव्हाही शहाणपणाचे. शीळफाट्यावर ४ एप्रिल २०१३ रोजी बांधकाम चालू असलेली एक अनधिकृत बहुमजली इमारत कोसळून ७४ माणसांचा अंत झाला, ही गोष्ट या भागातील कोणीही विसरलेला नाही. ती इमारत काँक्रीटची होती आणि आपले घर एकमजली, लाकडी आहे, हे खरे. परंतु ओझे कोठून येते व कोणत्या मार्गाने जमिनीत उतरते हे जाणत्या अभियंत्यास दाखवून घेतल्यावाचून, आणि रीतसर परवानगी घेतल्यावाचून, कोणतेही घर उभारू नये, हा धडा लहानमोठ्या सर्व घरांस सारखाच लागू आहे.

खिडकी कोणत्या दिशेस ठेवावी? शीळफाटा सुमारे १९ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे मे महिन्याच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत मध्यान्हीचा सूर्य किंचित उत्तरेस असतो, इतर काळ दक्षिणेस. डिसेंबरात मध्यान्हीस तो क्षितिजापासून सुमारे ४७ अंश व मार्च-सप्टेंबरात सुमारे ७१ अंश उंचीवर येतो. दक्षिणेकडील छपराचे पाखे भिंतीपुढे एक मीटर काढले, तर मार्च-सप्टेंबरात दुपारी त्यांची सावली भिंतीवर जवळजवळ २ मीटर ९० सेंटिमीटर खाली येते, आणि डिसेंबरात १ मीटर ९ सेंटिमीटर. म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडी खिडकी सावलीत राहते व थंडीत कोवळे ऊन घरात येते. पश्चिमेचा सूर्य मात्र कलता असल्याने पाख्यांस दाद देत नाही. शिवाय पावसाळी झडही पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडूनच येते. सबब मोठ्या खिडकीस उत्तर दिशा उत्तम, पूर्व मध्यम, दक्षिण दिशा खोल पाखे असतील तरच चांगली. पश्चिमेस पडवी काढून लहान खिडक्यांवर समाधान मानावे. न्हावा-शेवा बंदराकडील अवजड वाहतूक शीळफाट्यावरून रात्रंदिवस चालते. ज्यांचे घर रस्त्यालगत आहे त्यांनी धूळ व आवाज यांचाही विचार दिशा ठरविताना करावा.

मोठी खिडकी म्हणजे केवळ मोठी काच नव्हे. दमट उष्ण प्रदेशात खिडक्यांचे क्षेत्र खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांशाहून कमी नसावे, असे राष्ट्रीय बांधकाम संहितेचे सांगणे आहे. तीन मीटर रुंद व चार मीटर लांब खोलीस हे दोन चौरस मीटर होते. ते क्षेत्र उघडणारे असावे. बंद काचेतून उजेड येतो, वारा येत नाही. म्हणून मध्यभागी स्थिर काच व दोन्ही बाजूंस झडपा ही रचना सोयीची. कोणतीही झडप ६० सेंटिमीटरांहून रुंद करू नये. रुंद झडपेच्या वजनाने बिजागऱ्या ओढल्या जाऊन ती खालच्या कोपऱ्यात टेकू लागते.

काचेचे वजन काढणे सोपे आहे. एक मिलिमीटर जाडीची काच चौरस मीटरास अडीच किलो भरते. १ मीटर ८० सेंटिमीटर रुंद व १ मीटर ५० सेंटिमीटर उंच अशी सहा मिलिमीटरांची एकच काच घेतली, तर ती सुमारे ४० किलो भरेल. वाऱ्याचा जोर याहून कितीतरी अधिक. भारतीय मानकांत मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदास ४४ मीटर धरला आहे. त्याचा दाब चौरस मीटरास सुमारे ११८ किलो येतो, आणि वरील खिडकीवर तो तीनशे किलोंहून अधिक होतो. ३ जून २०२० चे निसर्ग व १७ मे २०२१ चे तौक्ते ही चक्रीवादळे पाहिल्यावर हा हिशेब कागदी म्हणून सोडून देता येत नाही. अखंड काचेपेक्षा मधल्या दांड्यांनी विभागलेली काच हा जोर सुखाने सोसते.

जेथे काच गुडघ्याच्या उंचीपर्यंत खाली येते, अथवा लहान मुले आपटण्याचा संभव असतो, तेथे सुरक्षित काचच घ्यावी. कठिणीकृत काच, जिला बाजारात टफन्ड म्हणतात, फुटली तर तिचे बारीक बोथट कण होतात. दोन काचांमध्ये पातळ पडदा दाबून केलेली लॅमिनेटेड काच फुटली तरी जागीच राहते व रस्त्याचा आवाजही कमी करते. मात्र कठिणीकृत काच एकदा तयार झाली की ती कापता, घासता वा भोक पाडून घेता येत नाही. माप अर्ध्या सेंटिमीटराने चुकले तर सारा पैसा पाण्यात गेला. यास्तव मापे केव्हा घ्यावीत हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा ठरतो.

मापे नकाशावरून कधीही देऊ नयेत. सांगाडा उभारावा, कौले चढवावीत, भिंती भरून घ्याव्यात, आणि खिडक्यांच्या जागा पहिल्या पावसाळ्यापुरत्या झडी वा ताट्या बांधून झाकाव्यात. छपराचे पूर्ण ओझे बसून एक पावसाळा गेला की घर आपली जागा धरते. मग कार्तिक-मार्गशीर्षात प्रत्येक गाळ्याची रुंदी वर, मध्ये व खाली अशा तीन ठिकाणी, आणि उंचीही तीन ठिकाणी मोजावी. त्यांतील लहानात लहान माप प्रमाण धरावे. दोन्ही कर्ण मोजून ताडावेत. १ मीटर ८० सेंटिमीटर व १ मीटर ५० सेंटिमीटर अशा काटकोनी गाळ्याचे दोन्ही कर्ण सुमारे २ मीटर ३४ सेंटिमीटर भरले पाहिजेत. या मापांवरून चौकट करावयास द्यावी, आणि चौकट प्रत्यक्ष तयार झाल्यावर तिच्या खाचेवरूनच काचेचे माप द्यावे. काच खाचेहून प्रत्येक बाजूस पाच मिलिमीटर लहान असावी.

चौकटीस लाकूड वाळलेलेच हवे. आपल्या हवेत शेकडा १४ च्या सुमारास ओल असलेले योग्य. ओल मोजण्याचे लहान यंत्र हल्ली सहज मिळते. जुन्या इमारती मोडून निघालेले सागवान या कामी फार उपयोगी पडते, कारण त्याचे आकसणे केव्हाच आटोपलेले असते. फक्त खिळे काढून व वाळवीची भोके तपासून घ्यावे. आपल्या बांधावरचा साग तोडावयाचा असेल, तर १९६४ च्या राज्याच्या वृक्षतोडविषयक कायद्याप्रमाणे आणि महानगरपालिकेच्या हद्दीत १९७५ च्या वृक्षसंरक्षण कायद्याप्रमाणे आधी परवानगी घ्यावी लागते. झाड आपले असले तरी ही अट चुकत नाही.

आता बसवणूक. खांब-तुळईच्या घरात चौकटीच्या दोन्ही बाजूंस दहा ते बारा मिलिमीटर व माथ्यावर किमान वीस मिलिमीटर मोकळी जागा सोडावी. चौकट खालच्या बाजूस पाचरांवर टेकवून पाणसळीने समपातळीत व ओळंब्याने उभी सरळ करावी, आणि बाजूंच्या खांबांस पितळी अथवा गंज न चढणाऱ्या पोलादी स्क्रूंनी धरावी. माथ्याच्या तुळईत एकही स्क्रू मारू नये. ओंडक्यांची भिंत असेल, तर ओंडक्यांच्या कापलेल्या टोकांत उभी खाच पाडून तीत एक दांडा सैल सरकवावा व चौकट त्या दांड्यासच जोडावी, ओंडक्यांस नव्हे. म्हणजे ओंडके खाली सरकतील, खिडकी स्थिर राहील. अशा भिंतीत दीड मीटर उंच खिडकीच्या माथ्यावर नऊ सेंटिमीटरपर्यंत जागा लागते. दोन्ही प्रकारांत ही फट लोकर वा मऊ फोम भरून बुजवावी आणि तीवर बाहेरून आच्छादनाची फळी मारावी. ती फळी फक्त वरच्या बाजूस ठोकावी, म्हणजे ती खिडकीवरून मोकळी सरकते.

पाण्याची वाट आधीच ठरवून द्यावी. खालची पट्टी बाहेरच्या बाजूस दर दहा सेंटिमीटरांस एक सेंटिमीटर उतरती करावी, भिंतीपुढे चार-पाच सेंटिमीटर काढावी आणि तिच्या पोटात कडेजवळ एक बारीक पन्हळ कोरावी. त्यामुळे पाणी उलट भिंतीकडे न वळता तेथूनच ठिबकते. माथ्यावर जस्तलेपित पत्र्याची वा ॲल्युमिनियमची पट्टी भिंतीच्या फळ्यांखाली घालून पुढे वळवावी. काच लाकडावर थेट टेकवू नये. खाली दोन रबरी तुकडे ठेवावेत. झडपा कोरड्या ऋतूत बसविताना चारी बाजूंस एक सूत, म्हणजे तीन मिलिमीटर, मोकळे सोडावे. पाहणाऱ्यास ही फट सैल वाटेल. श्रावणात तीच झडप उघडी ठेवील.

शेवटी, दरसाल मृगापूर्वी एक तास या खिडक्यांस द्यावा. पन्हळ साफ करावी, तेल वा रंग जेथे उडाला असेल तेथे पुन्हा लावावा, आणि माथ्यावरील फट किती उरली ती मोजून भिंतीवर पेन्सिलीने लिहून ठेवावी. ती झपाट्याने कमी होत असेल, तर तुळई लवत आहे असे समजून काच फुटण्यापूर्वीच तीस टेकू द्यावा व जाणत्याचा सल्ला घ्यावा. शेतकऱ्यास पावसाची वाट पाहणे नवे नाही. पेरणीस जो धीर आपण धरतो, तोच घराच्या मोठ्या खिडकीस धरावा. एका पावसाळ्याचा तो धीर पुढील पुष्कळ पावसाळे घर कोरडे ठेवतो.