किनारा सोडताना

मुंबईच्या उपनगरात राहणाऱ्या माणसाची आयुष्यभराची धडपड कशासाठी असते, असे विचारले तर उत्तर एकच येईल : जागेसाठी. आधी भाड्याची खोली, मग मालकीची खोली आणि नशिबाने साथ दिली तर बोरिवलीला किंवा मुलुंडला छोटासा ब्लॉक. अशा शहरात राहून, काही माणसे चांगले चाललेले घर सोडून शिडाच्या बोटीत राहायला जातात, हे ऐकले की तो वेडेपणा वाटणे साहजिक आहे.

माझे घर वेसाव्याच्या कोळीवाड्यात. वडील मासेमारीच्या बोटीवर तांडेल आहेत. बर्फ, डिझेल आणि शिधा भरून बोट बाहेर पडली की आठ-दहा दिवस ते घरी नसतात. "तू शीक, म्हणजे दर्याच्या भरवशावर जगावे लागणार नाही," हे ऐकतच मी मोठी झाले. आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेली मी पहिलीच. ज्या समुद्रापासून सुटका व्हावी म्हणून मला शिकवले जात आहे, त्याच समुद्रावर काही लोक हौसेने का जातात, हे समजून घेणे म्हणूनच मला अगत्याचे वाटले.

या विषयातले एक प्रसिद्ध नाव आपल्या मुंबईशी जोडलेले आहे. 'सुहैली' ही बोट कुलाब्याला सागवानी लाकडातून बांधली गेली आणि डिसेंबर १९६४ मध्ये पाण्यात उतरली. लांबी सुमारे ३२ फूट, रुंदी ११ फूट. म्हणजे चाळीतल्या दोन-तीन खोल्यांएवढी. व्यापारी जहाजावरचा तरुण इंग्रज अधिकारी रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन याने ती येथील कारागिरांकडून बांधून घेतली. १४ जून १९६८ रोजी तो इंग्लंडमधील फाल्मथहून निघाला आणि २२ एप्रिल १९६९ रोजी, ३१२ दिवसांनी, तेथेच परतला. वाटेत कोणत्याही बंदरात न थांबता एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारा तो पहिला मनुष्य. त्या स्पर्धेत नऊ जण उतरले होते. पुरी केली ती त्याने एकट्याने.

त्याच स्पर्धेत बर्नार्ड मॉयतेसिए नावाचा फ्रेंच खलाशी होता. दक्षिण अमेरिकेचे टोक ओलांडून तो परतीच्या वाटेला लागला होता. पण मार्च १९६९ मध्ये त्याने बक्षिसाकडे पाठ फिरवली, इंग्लंडला न जाता पुन्हा पूर्वेची वाट धरली आणि जूनमध्ये तो ताहिती बेटावर पोचला. एकाने किनारा सोडला तो परत येण्यासाठी; दुसऱ्याला परत यावेसे वाटले नाही. या दोन निर्णयांत फार अंतर आहे.

आता अशा बोटीवरचा संसार कसा चालतो ते पाहू. पहिला प्रश्न पाण्याचा. पिण्याला आणि स्वयंपाकाला माणशी रोज तीन लिटर धरले, तर दीडशे दिवसांना ४५० लिटर लागतात. आपल्या वीस लिटरच्या बादलीने मोजले तर बावीस-तेवीस बादल्या. म्हणून भांडी आणि अंघोळ खाऱ्या पाण्याने करायची. नॉक्स-जॉन्स्टनच्या टाकीतले गोडे पाणी वादळात खराब झाले, तेव्हा त्याला शिडावरून ओघळणाऱ्या पावसाचे पाणी धरावे लागले. नळाला ठरावीक वेळीच पाणी येणाऱ्या वस्तीतील गृहिणीला ही काटकसर नवी वाटणार नाही.

दुसरा प्रश्न झोपेचा. एकटा माणूस दिवसरात्र सुकाणू धरून बसू शकत नाही. त्यासाठी बोटीच्या मागे वाऱ्यावर फिरणारे एक पाते बसवतात. बोट वाऱ्याशी ठरवलेला कोन सोडू लागली की पाते कलते आणि सुकाणूला ओढून बोट पुन्हा त्या कोनात आणते. मात्र ते वारा ओळखते, दिशा ओळखत नाही. वारा फिरला की बोटही फिरते. त्यामुळे झोप घ्यायची ती तुकड्यातुकड्यांनी.

तिसरा प्रश्न वेळेचा. अशी बोट ताशी पाच सागरी मैल, म्हणजे सुमारे नऊ किलोमीटर जाते. अंधेरी ते चर्चगेट या २२ किलोमीटरांना तिला अडीच तास लागतील! पण ती रात्रीही चालते, म्हणून दिवसाकाठी दोनशेहून अधिक किलोमीटर तोडते. घाई मात्र तिला मानवत नाही.

आपल्याकडेही हा विचार रुजला, तो व्हाइस ॲडमिरल मनोहर आवटी यांच्यामुळे. निवृत्तीनंतर ते समुद्रापासून दूर, फलटणजवळच्या विंचुर्णी गावी राहत. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले. भारतीयाने शिडाच्या बोटीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी, हा त्यांचा ध्यास. २००६ मध्ये नौदलातील कमांडर दिलीप दोंदे यांनी त्याला होकार दिला, तेव्हा बोटही तयार नव्हती. गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात ५६ फुटांची 'म्हादेई' बांधली गेली. १९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले आणि चार बंदरांत थांबून मे २०१० मध्ये परतले. नऊ महिन्यांच्या प्रवासाची तयारी तीन वर्षांची! म्हणजे किनारा सोडण्याचे बरेचसे काम किनाऱ्यावरच करावे लागते. पुढे अभिलाष टॉमी यांनी याच बोटीतून १ नोव्हेंबर २०१२ ते ३१ मार्च २०१३ या काळात न थांबता प्रदक्षिणा केली.

त्यानंतर 'तारिणी' बोटीतून नौदलाच्या सहा महिला अधिकारी लेफ्टनंट कमांडर वर्तिका जोशी यांच्या नेतृत्वाखाली १० सप्टेंबर २०१७ रोजी गोव्याहून निघाल्या आणि जग फिरून २१ मे २०१८ रोजी परतल्या. हे वाचताना मी थबकले. आमच्याकडे बाईने मासळी विकायची, जाळी विणायची, नारळी पौर्णिमेला दर्याची पूजा करायची. बोटीवर जायचे ते पुरुषांनी. समुद्र आमचा, पण अर्ध्याच घराचा.

वडिलांना मी सुहैलीची हकीकत सांगितली. त्यांनी शांतपणे विचारले, "खायला कोण घालत होतं घरच्यांना?" या प्रश्नातच सारे आले, असे मला वाटते. बोटीवर राहायला जाणाऱ्याच्या मागे शिल्लक असते, पगार असतो किंवा वाट पाहू शकणारे घर असते. तो निर्णय घेतो. आमच्या वडिलांना निर्णय घ्यावा लागला नाही. तो जन्माबरोबरच घेतलेला होता. लाटा दोघांनाही सारख्याच, मात्र एकाला त्या धाडस वाटतात आणि दुसऱ्याला हजेरी.

मग शिक्षणाचा उपयोग काय? दर्यापासून पळून जाण्यासाठी ते असेल, तर वडिलांच्या कष्टांची मला लाजच वाटत राहील. शिक्षणाने दोन्ही वाटा मोकळ्या व्हाव्यात. मी किनाऱ्यावर राहीन ती राहायचे ठरवून, आणि कधी शीड उभारलेच तर तेही ठरवून. म्हणून यंदा मी एन.सी.सी.च्या नौदल शाखेसाठी नाव देणार आहे. वडील अजून हो म्हणालेले नाहीत. पण परवा त्यांनी आपणहून विचारले, "शिडाच्या बोटीला नांगर किती वजनाचा लागतो?"