जमिनीतला धातू आणि हिवाळा

धातुशोधक यंत्राच्या कड्यातून वाहणारा प्रत्यावर्ती विद्युतप्रवाह जमिनीत बदलते चुंबकीय क्षेत्र निर्माण करतो. पुरलेल्या धातूत त्यामुळे भोवरप्रवाह उठतात आणि यंत्र त्यांची चाहूल टिपते. अतिथंड देशांत मातीतले पाणी गोठून कण घट्ट बांधले जातात, तेव्हा कुदळ चालत नाही. गोंदिया जिल्ह्यातील प्रतापगडच्या परिसरात पारा इतका उतरत नाही. इथे धान कापणीनंतर बांधीतली चिकणमाती वाळून टणक होते. जमिनीत लोहखनिज जास्त असेल, तर यंत्र फसवे संकेतही देते.

संकेत खरा निघाला, तरी गडाच्या पायथ्याशी उकरून काढलेले नाणे कोणत्या थरात होते हे कळले नाही, तर त्याचा निम्मा इतिहास पुसला जातो, आणि ही हानी भरून येत नाही.

१८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार १० रुपयांहून अधिक किमतीचे पुरलेले धन सापडल्यास जिल्हाधिकाऱ्याला लेखी कळवणे बंधनकारक आहे. ते लपवल्यास शोधणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो, शिवाय एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. संरक्षित स्मारकाच्या क्षेत्रात परवान्याविना खोदणे हाही गुन्हाच आहे.