वाळवंटाची धूळ की सिमेंटची?

जयपूरच्या बनी पार्कात धुळीचे संशयित बरेच. पश्चिमेला थरचं वाळवंट, हाकेच्या अंतरावर सिंधी कॅम्पचं बसस्थानक आणि रेल्वे, शिवाय बांधकामं आहेतच. शेजारच्या शास्त्रीनगरात प्रदूषण मंडळाचं केंद्र हवेतले कण मोजतं. पण कण किती हे कळलं, तरी ते कुठून आले हे कळत नाही. त्यासाठी गच्चीवर पंप लावून टेफ्लॉनच्या गाळणीतून हवा ओढावी लागते. मिनिटाला 16.7 लिटर, म्हणजे दिवसाला 24 घनमीटर. 47 मिलिमीटरच्या चकतीवर जो करडा डाग पडतो, तोच पुरावा.

पहिली तपासणी एक्सआरएफची. एक्स-किरण पडले की प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या ऊर्जेचे किरण परत सोडतं. आम्लात काही विरघळवायला नको, चकती शाबूत राहते. 2009च्या राष्ट्रीय मानकांत शिशासाठी ही पद्धत मान्य आहे, आर्सेनिकसाठी मात्र नाही. एक अडचण तर उघडच आहे: शिशाची एक ठळक रेषा 10.55 किलोइलेक्ट्रॉन व्होल्टवर, तर आर्सेनिकची 10.54 वर! शिसं भरपूर असलं की त्याच्या आड आर्सेनिक बेमालूम लपतं. एक्स-किरणांऐवजी प्रोटॉनचा मारा करणारी पिक्सी पद्धत 1970 साली स्वीडनमधल्या लुंडला सुरू झाली. ती उत्तम, पण तिला कणत्वरक लागतो. रोजच्या चकत्यांसाठी एवढा खटाटोप मला तरी परवडणारा वाटत नाही.

खरी मेख कॅल्शियमची. एक्सआरएफ नुसतं ‘कॅल्शियम’ सांगतो. ते मातीतल्या चुनखडीचं की प्लास्टरच्या जिप्समचं, हे नाही. ते एक्स-किरण विवर्तन सांगतं, कारण ते अणूंची स्फटिकातली मांडणी वाचतं. मात्र त्याला धूळ जास्त लागते, आणि कोळशाच्या राखेतल्या काचेसारख्या कणांना स्फटिकच नसल्यामुळे तिथे ते जवळपास आंधळं. हे गोल गोल कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली लगेच ओळखू येतात, आणि त्याला जोडलेला एक्स-किरण शोधक त्या एकेका कणाची घटकद्रव्यंही सांगतो. पण काही शे कण पाहून अख्ख्या दिवसाच्या हवेबद्दल बोलणं धाडसाचं.

म्हणून माझा कौल असा: सगळ्या चकत्यांना एक्सआरएफ, आणि शंका येईल त्या मोजक्यांनाच बाकीच्या दोन चाचण्या. तरीही डिझेलच्या काजळीतला कार्बन या एक्सआरएफला दिसत नाही. तो मोजायला क्वार्ट्झ तंतूंची गाळणी लागते, आणि ती स्वतःच सिलिकाची असल्याने तिच्यावर वाळूचा हिशेब लागत नाही. तेव्हा गच्चीवर पहिल्या दिवसापासून दोन गाळण्या शेजारी शेजारी लावायलाच हव्यात.