उभा माठ

मिस्त्रींनी अवजारांची पेटी उघडलीच नाही. खिशातून दहा रुपयांची नोट काढली, फ्रीझरच्या चौकटीवर धरली, दार लावलं आणि नोट ओढली. वरच्या कोपऱ्यात ती घट्ट बसली होती, ओढताना फाटेल असं वाटलं. मधेही तसंच. पण बिजागरीच्या बाजूला, अगदी खाली, नोट सुळकन बाहेर आली. पुन्हा लावून पाहिली, पुन्हा आली.

"काकू, गॅस कुठं गेला नाही. दाराचं रबर बसलंय."

आईचा विश्वास बसेना. आदल्या दिवशी एकाने फोनवरच निदान करून टाकलं होतं: गॅस संपलाय, भरावा लागेल. मिस्त्रींनी गरम पाण्याचं पातेलं आणि फडकं मागवलं. दबलेल्या जागी रबर शेकलं, मऊ झाल्यावर बोटांनी ओढून फुगवलं. मग खाचेत साचलेला साखरेचा चिकट थर ओल्या फडक्याने पुसून काढला. तो थर सीताफळाच्या गराचा होता. एक पिशवी कधीतरी गळली होती आणि रबर त्याच चिकट्यात अडकून रोज थोडं थोडं ओढलं जात होतं.

बीडमधल्या घरात उभा डीप फ्रीझर कशाला, असं पाहुणे विचारतात. आइस्क्रीमच्या दुकानात दिसतो तो आडवा, वरून झाकण उघडणारा. उभा तसा कमीच. दिसायला फ्रीजचा जुळा भाऊ, पण आत पालेभाजीला जागा नाही. वरपासून खालपर्यंत उणे 18 अंश. आमच्याकडे तो आला सीताफळामुळे.

बालाघाटाच्या माळरानांवर, धारूर-अंबाजोगाईच्या अंगाला सीताफळ लावावं लागत नाही, ते उगवतं. खडकाळ उतार, जेमतेम पाऊस, शेळीही तोंड लावत नाही असा पाला, एवढ्यावर हे झाड तगतं. अंबाजोगाईला सीताफळाचं संशोधन केंद्र आहे, आणि 2016 साली बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्याच वर्षी जालन्याच्या मोसंबीला आणि मराठवाड्याच्या केशर आंब्यालाही मिळालं. पण मानांकनाने फळाचा स्वभाव बदलत नाही. डोळे उघडलेलं सीताफळ झाडावरून काढलं की दोन-चार दिवसांत त्याचं जे काय व्हायचं ते होतं. साध्या फ्रीजमध्ये ठेवावं तर साल काळी पडते आणि फळ नीट पिकत नाही. आंब्याचा आमरस आटवून ठेवता येतो, पेरूची जेली होते. सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. त्यामुळे आटवायचं नाही, उकळायचं नाही, वाळवायचं तर नाहीच. उरतो एकच मार्ग, गोठवायचा. दसरा-दिवाळीच्या दीड-दोन महिन्यांत मिळालेला गर लग्नसराईच्या बासुंदीपर्यंत पोचवायचा, तर मधे हे पांढरं कपाट लागतं.

हे कपाट थंडी तयार करतं, असा समज आहे. खरं म्हणजे ते आतली उष्णता उचलून बाहेर टाकतं. हे समजायला आपल्याकडे माठ होताच. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी झिरपतं, बाहेरच्या अंगाला त्याची वाफ होते आणि वाफ होताना ते माठाची उष्णता घेऊन जातं. फ्रीझरमध्ये नेमकं हेच चालतं, फक्त पाण्याच्या जागी लवकर उकळणारा वायू असतो. हल्लीच्या बहुतेक घरगुती मशिनांत आर-600ए, म्हणजे आयसोब्युटेन. आतल्या नळीत हा द्रव उकळतो, आतली उष्णता खेचतो. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून बाहेरच्या जाळीत ढकलतो, तिथे ती उष्णता सोडून पुन्हा द्रव होते आणि केसाएवढ्या छिद्राच्या कॅपिलरीतून परत आत. माठातलं उडालेलं पाणी गेलं ते गेलं. इथे उडालेलं सगळं पकडून परत आणतात. माठात रोज पाणी भरावं लागतं, फ्रीझरमध्ये गॅस भरावा लागत नाही.

म्हणून "गॅस संपला" हे वाक्य मला खटकतं. गॅस म्हणजे मोटरसायकलमधलं पेट्रोल नव्हे, तो चालताना जळून खर्च होत नाही. कमी झाला असेल तर कुठेतरी भोक आहे, आणि ते शोधल्याशिवाय भरलेला गॅस त्याच वाटेने जाणार. आमच्या मिस्त्रींच्या मते दहा तक्रारींत गॅसची एखादीच असते. बाकीच्या रबर, धूळ, होल्टेज आणि सुरी.

सुरीचा किस्सा आमच्याच घरचा. उभ्या फ्रीझरचे, निदान हाताने बर्फ काढायच्या मॉडेलचे, आतले कप्पे हे नुसते कप्पे नसतात. ज्या नळीत गॅस उकळतो तीच नळी वळवून, तिच्यावर तारा जोडून फळी केलेली असते. म्हणजे गराची पिशवी थेट मशिनच्या काळजावर ठेवलेली असते. त्या नळीवर बर्फ साचतो. बर्फ हा उष्णता अडवणारा पदार्थ, त्यामुळे थर बोटभर झाला की मशीन तासन् तास चालतं आणि गर मऊच राहतो. तीन वर्षांपूर्वी पाहुणे यायचे म्हणून मी घाईत भाजीच्या सुरीने बर्फ खरवडला. टोक कुठेतरी रुतलं. फुस्स वगैरे काही आवाज आला नाही, त्यामुळे मी निर्धास्त.

आवाज का आला नाही ते नंतर कळलं. आयसोब्युटेन साध्या दाबाला उणे 11.7 अंशाला उकळतो. त्याहून थंड नळीत त्याचा दाब बाहेरच्या हवेपेक्षाही कमी असतो. भोक पडलं तर गॅस बाहेर येण्याऐवजी हवाच आत ओढली जाते, आणि हवेबरोबर बाष्प. ते बाष्प कॅपिलरीच्या तोंडाशी गोठतं आणि वाट बंद करतं. यालाच मिस्त्री लोक चोक होणं म्हणतात. दोन दिवसांनी फ्रीझर घुमत होता, पण आत नुसता गारवा. अठरा किलो गर शेजारीपाजारी वाटला. पुण्य मिळालं असावं.

तेव्हापासून बर्फ काढायची रीत ठरली आहे. सगळं सामान गोधडीत गुंडाळून टोपलीत. मशीन बंद. कप्प्यांवर गरम पाण्याची पातेली, खाली जुनी चादर, दार सताड उघडं. तासाभरात लाद्या आपोआप सुटतात. मीठ टाकायचं नाही, अॅल्युमिनियम खातं. उन्हाळ्यात बर्फ कमी धरतो, कारण हवेतच पाणी नसतं. श्रावण-भाद्रपदात मात्र महिन्याला एकदा तरी हा सोहळा करावा लागतो. फ्रॉस्ट-फ्री मशिनात हेच काम आत लपलेला हीटर काही तासांनी स्वतः करतो. सोय आहे, पण हीटर जळला की बर्फ आतल्या पडद्यामागे साचतो आणि दिसतही नाही.

आडव्या फ्रीझरपेक्षा उभा जास्त नाजूक, आणि त्याचं कारण हवेत आहे. उणे 18 अंशाची हवा बीडच्या मे महिन्यातल्या हवेपेक्षा अंदाजे सव्वापट जड. आडव्याचं झाकण उघडलं तरी ती विहिरीतल्या पाण्यासारखी तळाशी बसून राहते. उभ्याचं दार उघडलं की सगळी पायावर ओतली जाते, आणि वरून गरम हवा शिरते. दार लावल्यावर ती गरम हवा आकसते, आत किंचित पोकळी होते आणि दार चिकटून बसतं. लगेच पुन्हा उघडायला गेलात तर ओढावं लागतं. ही ओढ म्हणजे रबर धडधाकट असल्याची खूण. आईने नंतर सांगितलं, की गेले दोन महिने दार फार हलकं झालं होतं आणि तिला ते बरंच वाटत होतं.

आता होल्टेज. बीड जिल्ह्यात परळीला औष्णिक वीजकेंद्र आहे, पहिला संच 1971 सालचा. तरी 2005 नंतरच्या काही वर्षांत इथल्या गावांनी भारनियमन असं सोसलं की त्या काळात फ्रीझर घेणं म्हणजे कपडे ठेवायला कपाट घेणं. 2013 च्या दुष्काळात तर पाणी नाही म्हणून परळीचं केंद्रच बंद ठेवावं लागलं. आता लाइट पुष्कळ बरी आहे. पण लाइट जाण्याहून वाईट असतं ते जाऊन लगेच येणं. कॉम्प्रेसर थांबतो तेव्हा एका बाजूला दाब जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असतो. तो कॅपिलरीतून सारखा व्हायला तीन-चार मिनिटं लागतात. त्याआधी वीज आली तर मोटर दाबाविरुद्ध उठू पाहते, उठत नाही. चालू असताना एखादा अँपियर घेणारी मोटर तेव्हा कितीतरी पट जास्त करंट ओढते आणि तापते. मग ओव्हरलोड टिक् करून तोडतो. पुन्हा जोडतो, पुन्हा टिक्. रात्री घर शांत असताना हा टिक्-टिक् ऐकू आला तर उठून स्विच बंद करावा, दहा मिनिटांनी लावावा. खाली डीपीवर मोटारी सुरू होऊन होल्टेज 160-170 वर आलं असेल तरी हेच होतं. मशिनमागे उशिरा चालू होणारा स्टॅबिलायझर असेल तर उठावं लागत नाही. कॉम्प्रेसर बदलायच्या खर्चापुढे त्याची किंमत काहीच नाही.

कॉम्प्रेसर मेला असं सांगितलं जातं तेव्हाही पुष्कळदा त्याच्या कुशीतली छोटी काळी डबी, रिले, गेलेली असते. काढून कानाशी हलवली आणि खुळखुळ वाजली तर तीच गेली समजा. बदलायला दोन मिनिटं.

धुळीबद्दल फार सांगायला नको, बीडचे रस्ते सांगतातच. जुन्या मशिनांची काळी जाळी मागे उघडी असते, सहा महिन्यांनी ब्रशने झाडली की काम झालं. नव्यांत ही जाळी कडेच्या पत्र्याच्या आत बसवलेली असते. म्हणून कडा गरम लागतात आणि लोक घाबरून फोन करतात. गरम लागतायत म्हणजे उष्णता बाहेर पडतेय, ठीक चाललंय. फक्त कडेला वीतभर जागा सोडा. गव्हाच्या कोठीला चिकटवून उभा केलेला फ्रीझर म्हणजे मे महिन्यात घोंगडी पांघरलेला माणूस. विकत घेताना पाठीवरच्या पट्टीवर एक अक्षर पाहावं. 'टी' असेल तर मशीन 43 अंशांच्या खोलीपर्यंत चालायला बनवलंय. 'एन' म्हणजे 32 पर्यंतच. ते महाबळेश्वरला द्यावं.

आणि तारे. विजेच्या बचतीचे तारे वेगळे, आतल्या थंडीचे वेगळे. थंडीच्या तीन ताऱ्यांत उणे 18 अंशाला गोठलेलं टिकतं. ताजं गोठवायचं असेल तर चौथा तारा लागतो. तरी एका दिवसात किती, याला मर्यादा आहे. 0 अंशाच्या 1 किलो पाण्याचा 0 अंशाचाच बर्फ करायला 80 किलोकॅलरी काढाव्या लागतात. 30 अंशावरून 0 वर आणायला लागतात त्या फक्त 30. म्हणजे खरं कष्टाचं काम गार करण्यात नाही, गोठवण्यात आहे. आई पहिल्या वर्षी वीस किलो गर एकदम कोंबायची, आणि मशीन दिवस-रात्र घुमूनही मधल्या पिशव्या पिठल्यासारख्या राहायच्या, तपकिरी पडायच्या. आता ती अर्ध्या अर्ध्या किलोच्या पिशव्या भाकरीसारख्या थापून सपाट करते, दिवसाला चार-पाच किलोच ठेवते, पिशव्यांमध्ये बोटभर फट सोडते. दुसऱ्या दिवशी त्या पाटीसारख्या कडक होतात, मग वह्यांसारख्या उभ्या लावते.

पहिल्या-पहिल्या फ्रीजच्या आठवणी इथे हैदराबादशी जोडलेल्या. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात, आणि 1942 साली हैदराबादला निघालेल्या ऑलविन कंपनीचे फ्रीज पुढे मराठवाड्यातही आले. गोदरेजने 1958 साली भारतात फ्रीज बनवायला घेतला. त्या मशिनांत आर-12 असायचा. तो जळत नाही, विषारी नाही, मिस्त्री लोक त्याच्यावर खूश. मग कळलं की तो वर जाऊन ओझोनचा थर खातो. 1987 चा माँट्रियल करार झाला, भारत 1992 मध्ये त्यात आला, आणि 2010 पर्यंत आर-12 ची गोष्ट संपली. मधे आर-134ए आला. ओझोनला निरुपद्रवी, पण त्याचा 1 किलो कार्बन डायऑक्साइडच्या तेराशे-चौदाशे किलोंइतकी पृथ्वी तापवतो. आयसोब्युटेन त्या मानाने सज्जन, दोष एकच, पेटतो.

म्हणून गॅस भरण्याचं काम आता जुन्या पद्धतीने करता येत नाही. आमचा सुरीचा जखमी फ्रीझर मिस्त्रींनी दुरुस्त केला तेव्हा मी शेजारी बसून होते. आधी खिडक्या उघडल्या, देवघरातला दिवा शांत करायला सांगितला. उरलेला गॅस नळीने अंगणात सोडला. नायट्रोजन सोडून नळ्या धुतल्या, मगच बर्नर पेटवला. नळीचं भोक बुजवून, नवा फिल्टर जोडून पुन्हा नायट्रोजनचा दाब दिला आणि जोडांवर साबणाचा फेस लावला. पाच मिनिटं आम्ही सगळे त्या फेसाकडे बघत होतो, बुडबुडा आला नाही. मग व्हॅक्यूम पंप लावून ते जेवायला गेले. हा पंप तासभर तरी चालला पाहिजे, कारण आत शिरलेलं बाष्प निघतं ते यातच. दहा मिनिटांत पंप आवरणारा माणूस महिन्याभरात परत येतो, चोक काढायला. शेवटी छोटा डबा वजनकाट्यावर ठेवून गॅस सोडला. पट्टीवर लिहिलेलं वजन ग्रॅमांतलं, आणि भरायचं ते बरोब्बर तेवढंच. हाताच्या अंदाजाने, नळीला हात लावून भरायचे दिवस आर-12 बरोबर गेले. घरच्या सिलिंडरचा गॅस भरून देतो, तोही तसलाच, असं कुणी म्हणालं तर त्याला चहा पाजून वाटेला लावावं.

यंदा रबराचं काम दीडशे रुपयांत झालं. दहाची नोट मिस्त्रींनी परत खिशात घातली आणि जाताना आईला एक वाटी पाणी गोठवायला सांगितलं. गोठल्यावर वर एक रुपया ठेवायचा आणि वाटी मधल्या कप्प्यात ठेवून द्यायची. पुस्तकात लिहितात, भरलेला फ्रीझर न उघडता 48 तास तग धरतो. ते पुस्तक बीडच्या मे महिन्यात लिहिलेलं नाही. घर बंद करून गावाला गेलात, मागे लाइट गेली आणि परत आली, तर आल्यावर सगळं पुन्हा कडकच दिसतं, कळायला मार्ग नाही. रुपया सांगतो. बर्फावरच असेल तर काही झालं नाही. तळाला असेल तर सगळं वितळून पुन्हा गोठलंय, फेकून द्या.

दिवाळीला आम्ही चार दिवस धारूरला होतो. आल्या आल्या आईने चप्पल न काढता फ्रीझर उघडला. रुपया वाटीच्या मधोमध, बर्फात तिरपा अडकलेला. तिने एक पिशवी दाबून पाहिली, वास घेतला, कडा पाहिल्या. मग चार पिशव्या काढून ओट्यावर ठेवल्या आणि मला दूध आणायला पिटाळलं.