केस हाताबाहेर जाते तेव्हा...

डोकं धुतलं, टॉवेल सोडला आणि कंगवा फिरवला. कंगव्यात केस आले. त्यात नवल काही नाही, ते रोजच येतात. पण हे केस वेगळेच होते. दोन-दोन, तीन-तीन इंचांचे तुकडे! बेसिनमध्ये, टी-शर्टवर, लॅपटॉपच्या कीबोर्डवर, सगळीकडे. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. मग हे बारके तुकडे आले कुठून?

खरं तर मला चांगलंच माहीत होतं. मे महिन्यात जवळच्या मैत्रिणीचं लग्न होतं आणि तिच्यापेक्षा माझीच तयारी जोरात होती. आधी स्मूदनिंग करून घेतलं. मग आठच दिवसांत पार्लरमधून फोन, 'मॅडम, हायलाइट्सवर ऑफर आहे.' ऑफर म्हटल्यावर माझ्यातली पुणेकर जागी झाली. एकूण बिल साडेसहा हजार. फ्रीलान्सरच्या भाषेत सांगायचं तर दोन लेख आणि पेमेंटसाठी केलेली एक कडाक्याची भांडाभांडी. फोटो मात्र सॉल्लिड आले, हे कबूल करायला हवं.

दहाव्या दिवसापासून तुकडे पडायला लागले. पंधराव्या दिवशी मी आरशासमोर उभी राहून मोबाइलच्या टॉर्चने भांग तपासत होते. आपल्याला टक्कल पडतंय, याची मला खात्रीच झाली होती. शेवटी स्किनच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी माझ्या पिशवीतला (हो, मी केस पिशवीत भरून नेले होते) एक केस उचलून उजेडात धरला. म्हणाल्या, "मुळापासून गळलेल्या केसाच्या टोकाला बारीक पांढरी गाठ असते. इथे आहे का? नाही ना? मग हा गळलेला नाही, तुटलेला आहे." रोज पन्नास ते शंभर केस मुळापासून गळणं नॉर्मल, त्याचं टेन्शन घ्यायचं नाही. माझं डोकं ठीक होतं. बिघडलं होतं ते डोक्याबाहेर आलेलं सामान.

त्या पुढे जे म्हणाल्या त्याने मात्र माझा चेहरा पडला. "टाळूच्या वर आलेला केस मेलेला असतो. नख जसं. जखम भरते तसा तो भरून येत नाही. तू घरी जे करशील त्याने तो टिकेल, मऊ लागेल, कमी तुटेल. पण पहिल्यासारखा होणार नाही."

पण बाजारातल्या निम्म्या बाटल्यांवर तर 'रिपेअर' लिहिलेलं असतं! मग रिपेअर होतं तरी काय?

साडेसहा हजारांत काय झालं?

केस म्हणजे मुख्यत: केराटिन नावाचं प्रोटीन. बाहेरून कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले, म्हणजे क्युटिकल. आत दोरखंडासारखा पिळलेला गाभा, म्हणजे कॉर्टेक्स. या दोरखंडाचे धागे एकमेकांना धरून ठेवतात ते गंधकाचे बंध, म्हणजे डायसल्फाइड बॉण्ड्स. केस सरळ की कुरळा, दणकट की लेचापेचा, हे बरंचसं या बंधांवर ठरतं.

स्मूदनिंगच्या क्रीमने हेच बंध तोडतात, केस इस्त्रीने सरळ करतात आणि मग दुसऱ्या केमिकलने बंध नव्या जागी पुन्हा जोडतात. सगळेच काही जोडले जात नाहीत. त्यावर लगेच हायलाइट्ससाठी ब्लीच केलं की खवले उचकटतात, रंगाबरोबर आणखी बंध जातात आणि क्युटिकलवरचा निसर्गाने दिलेला स्निग्ध थरही धुऊन निघतो. हा थर असेपर्यंत केसावरून पाणी घरंगळतं. तो गेला की केस स्पंजसारखं पाणी पितो. म्हणजे कौलं उडालेल्या घरात मी पावसाळा काढणार होते! आणि जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुण्यात तो आलाही.

किचन नावाची लॅबोरेटरी

पहिला प्रयोग अंड्याचा. लॉजिक एकदम सोपं वाटलं होतं. केस प्रोटीनचे, अंड्यात प्रोटीन, म्हणजे फिट्ट! दोन अंडी फेटली, डोक्याला थापली आणि पंख्याखाली तासभर सीरियल बघत बसले. तासाभराने डोक्यावर पापड तयार. धुताना केस मोकळे होईनात, ओढले तर तुटायला लागले. त्या एका अंघोळीत जेवढे केस तुटले तेवढे आधीच्या आठवड्यात तुटले नव्हते. वर रूममेटने दोन दिवस बाथरूमच्या दाराबाहेर उदबत्ती लावली, ते वेगळंच.

चूक कुठे झाली, ते नंतर वाचल्यावर कळलं. अंड्यातलं प्रोटीन रेणूच्या मापाने इतकं मोठं असतं की ते केसात शिरूच शकत नाही. बाहेरच वाळून कडक होतं. शॅम्पू-कंडिशनरच्या लेबलवर 'हायड्रोलाइज्ड' प्रोटीन लिहिलेलं असतं, ते म्हणजे याचेच बारीक तुकडे केलेले. ते चिकटतात, त्यातले सगळ्यात बारीक थोडे आतही जातात आणि केसाला तात्पुरता भरीवपणा येतो. पुढच्या काही धुण्यांत जातात, पुन्हा लावायचे. आणि अतीही नको. मी उत्साहाने दर वॉशला प्रोटीन मास्क लावत होते, तेव्हा केस झाडूसारखे ताठ झाले होते. दोन-तीन आठवड्यांतून एकदा पुरतं, हे अनुभवाने कळलं.

मेथ्या मात्र बऱ्या निघाल्या. रात्री भिजत घालायच्या, सकाळी वाटून फडक्यातून गाळून फक्त बुळबुळीत पाणी घ्यायचं. जास्वंदीच्या पानांचंही तसंच. या बुळबुळीतपणामुळे केसावर पातळ थर बसतो, गुंता सहज सुटतो आणि गुंता सुटला की तुटणं कमी. एवढंच काम, पण काम आहे. फक्त गाळायचा कंटाळा करू नका. मी केला होता, आणि मीटिंगमध्ये समोरच्या क्लायंटने मला सांगितलं की तुमच्या केसांत काहीतरी आहे. मेथीचं साल होतं.

लिंबाच्या वाटेला मुळीच जाऊ नका, खराब झालेल्या केसाला इतकं आम्ल झेपत नाही. खाण्याचा सोडाही नको, तो उलट्या टोकाचा, खवले आणखी उचकटणारा. शिकेकाई-रिठा केस 'मजबूत' करतात असं आपण ऐकत आलोय, पण दोन्ही मुळात साबणाचं काम करतात. त्यातून पावडर तशीच चोळली तर तिचे कण ठिसूळ केसांवर घासतात.

आणि मग... खोबरेल!

यावर माझ्या आईने 'सांगत होते ना' म्हणावं, अशी परिस्थिती आहे. २००३ साली 'जर्नल ऑफ कॉस्मेटिक सायन्स'मध्ये आरती रेळे आणि आर. बी. मोहिले यांचा एक अभ्यास आला. खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि मिनरल ऑइल, तिघांची केसांवर परीक्षा. धुताना केसातून प्रोटीन वाहून जातं, ते लक्षात येण्याइतकं कमी केलं फक्त खोबरेलने. धडधाकट केसांतही आणि खराब केसांतही. कारण त्यातल्या लॉरिक अॅसिडचा रेणू छोटा आणि सरळ, तो केसाच्या आत शिरतो. हा अभ्यास मुंबईत झाला आणि तोही मॅरिकोमध्ये, म्हणजे पॅराशूटवाल्यांच्याच प्रयोगशाळेत! त्यामुळे थोडं मीठ टाकूनच वाचा. पण आत शिरण्यामागचं रसायनशास्त्र पटण्यासारखं आहे.

गंमत म्हणजे आपण तेल लावतो ते टाळूला, आणि गरज असते ती टोकांना. मी आता धुण्याआधी तास-दोन तास, कधी आदल्या रात्री, कानाच्या खालच्या केसांना तेल लावते. चपचपीत नको, चमचाभर पुरतं. ओला केस फुगतो, वाळला की आकसतो, आणि हे सारखं होत राहिलं की तो आतून खिळखिळा होतो. तेल आत असलं की पाणी कमी शिरतं, फुगणं कमी होतं.

आता तुम्ही विचाराल, ते बॉण्ड रिपेअरवालं काय? या प्रकाराची हवा झाली ती २०१४ मध्ये ओलाप्लेक्स आल्यावर. त्यातलं रसायन तुटलेल्या गंधकाच्या टोकांमध्ये पूल बांधतं, असा कंपनीचा दावा. घरी वापरायची बाटली छोटी, किंमत हजारांत. शॅम्पूच्या आधी, दमट केसांना, किमान दहा मिनिटं. मी रूममेटबरोबर अर्धी-अर्धी घेतली. फरक पडला, खोटं का बोला. ओला केस ओढला की च्युइंगमसारखा लांबत होता, ते थांबलं. पण फाटे फुटलेलं एकही टोक जुळलं नाही, आणि बाटली संपली की पुन्हा विकत घेणं आलं. बजेट नसेल तर साधा, दाट, स्वस्त कंडिशनर दर वॉशला न चुकता लावा. बंध नाही जोडणार, पण खवले खाली बसवेल.

एका गोष्टीबद्दल मात्र कडक शब्दांत सांगते. घरी करायची केराटिन किट्स ऑनलाइन मिळतात, त्यांच्या नादी लागू नका. अमेरिकेतल्या ओशा या कामगार-सुरक्षा संस्थेने २०११ मध्येच इशारा दिला होता, की अशा काही प्रॉडक्ट्समधून फॉर्माल्डिहाइड सुटतं, 'फॉर्माल्डिहाइड फ्री' लिहिलेल्यांमधूनसुद्धा. त्याच्या जागी आलेलं ग्लायऑक्सिलिक अॅसिडही साधंसुधं नाही. २०२४ मध्ये फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २६ वर्षांच्या एका तरुणीची केस छापली. केस सरळ करून घेतल्यावर तीन वेळा तिच्या किडनीला इजा झाली होती. इस्त्री गरम, बाथरूम बंद आणि आपण एकटे, हे कॉम्बिनेशन नकोच.

आईची बोटं

या सगळ्यात मी एक गोष्ट टाळत होते. घर.

माझं घर साताऱ्याला. कॉलेजसाठी पुण्याला येईपर्यंत दर रविवारी आई माझ्या डोक्याला तेल लावायची. त्या केसांवर माझ्यापेक्षा तिचा जास्त हक्क होता. व्हिडिओ कॉलवर मी कायम बुचडा बांधून बसायचे. गणपतीला डेडलाइनचं कारण दिलं, तेही खोटं. दिवाळीला मात्र जावंच लागलं.

नरक चतुर्दशीची पहाट. पाट, रांगोळी, कोमट तेलाची वाटी. आईने बुचडा सोडला, तेल घातलं, आणि तिची बोटं मध्येच थांबली. केसांचा खालचा भाग हातात घेऊन ती नुसती बघत राहिली. मी मान वर केली नाही. बाहेर कुणीतरी लवंगी माळ लावली. मग तिने विचारलं, "किती दिलेस?"

"साडेसहा हजार."

"पैसे देऊन?" एवढंच म्हणाली आणि पुन्हा तेल चोळायला लागली. थोड्या वेळाने, "जळलेल्या पोळीला तूप किती लावशील गं?"

भाऊबीज झाल्यावर तीच मला तिच्या नेहमीच्या पार्लरमध्ये घेऊन गेली. तिथल्या ताईंनी कात्री खांद्यापाशी धरली, तर आई म्हणते, "अजून वर. तिथपर्यंत फाटलेत." हिशेब केला तर केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो. म्हणजे माझ्या वेणीचं टोक पाच वर्षांचं होतं. त्याने माझं मास कॉमचं शेवटचं वर्ष पाहिलं होतं, पहिली बायलाइन पाहिली होती. ते आता फरशीवर पडलं होतं. घरी येताना रिक्षात मी रडले. आईने शेंगदाण्याची चिक्की काढून हातात दिली.

आता पुन्हा मे आलाय. मुळापासून सहा इंच केस नवे आहेत, कोरे. त्याखाली तीन-चार इंच जुने. ते दर दोन-अडीच महिन्यांनी थोडे थोडे कापतेय, आणि मधल्या काळात त्यांनी तग धरावा म्हणून हे सगळे उपद्व्याप. धुण्याआधी खोबरेल, धुतल्यावर कंडिशनर, तो केसांत असतानाच मोठ्या दातांच्या कंगव्याने खालून वर गुंता सोडवायचा. टॉवेलने खसाखसा पुसायचं नाही, जुन्या सुती टी-शर्टमध्ये नुसतं दाबायचं. ओले केस क्लिपमध्ये कोंबून ऑफिस गाठायचं नाही. इस्त्री माळ्यावर टाकलीय. कधी वापरायची वेळ आलीच तर केस पूर्ण कोरडे हवेत, नाहीतर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात अक्षरश: बुडबुडे होतात.

कंगव्यात अजूनही केस येतात. मी उजेडात धरून बघते. हल्ली बहुतेकांना पांढरी गाठ असते.

मागच्या आठवड्यात पार्लरमधून पुन्हा फोन आला होता. मॉन्सून ऑफर आहे म्हणे. मी आईचा नंबर दिला.